डावी बाही

शेवटच्या संध्याकाळी आम्ही लोकर गुंडाळली. बाकी काही विशेष केलं नाही. मी खाटेवर दोन्ही हात पुढे करून बसलेलो, मनगटांभोवती राखाडी लोकरीची लडी अडकवलेली, आणि बायको खाली सतरंजीवर बसून त्या लडीचा गोळा करत होती. लडी धरायला अक्कल लागत नाही. हात ताणून धरायचे आणि धागा सुटेल तसे जरा डावीकडे, जरा उजवीकडे डोलवायचे. पण मला एका जागी बसता येत नाही. माझा पाय हलत होता आणि पायाबरोबर खाट करकरत होती.

"हात हलवा," ती म्हणाली. "पाय नको."

"तो आपोआप हलतोय."

"मंग बांधून ठेवा त्याला. एवढी लडी झाली का लोकर बास. डावी बाही तेवढी राहिलीय."

डावी बाही कोपराच्या खाली आली होती. तिथून मनगटापर्यंत विणली की स्वेटर पुरा, आणि स्वेटर पुरा झाला की ती ऑपरेशनला दवाखान्यात यायला तयार. हे तिने मला दिवाळीतच सांगून ठेवलेलं. "तोवर नाव काढाचं नाय." मी रोज काढायचो. त्या संध्याकाळीही काढलं.

"संक्रांत झाली. आता कधी?"

"तुमी लडी नीट धरली तर लवकर."

मग तिने भात टाकला. डॉक्टरने तिचं मीठ बंद केलेलं, म्हणून आमच्याकडे दोन भांड्यांत कालवण व्हायचं, एक तिचं अळणी आणि एक माझं. माझ्या भांड्यातला जवळा ती 'झाला का बघते' म्हणून चाखायची. त्या दिवशी दोनदा बघितलं. मी ओरडलो. ती म्हणाली, "मना सगलं बंद करून तुमी एकटेच खा," आणि हसली, आणि भांडी घासायला घेतली. एवढंच. यात आठवण्यासारखं काय आहे सांगा. पण मला तेवढंच दिसत राहतं, आणि ते दिसायला लागलं की मी उठून गॅलरीत येरझाऱ्या घालतो. शेजारी म्हणतात, आजोबा, चपला तरी घाला.

आम्ही ठाकुर्लीला चाळीत राहायचो, रेल्वेच्या क्वार्टर्सच्या मागे. मी चौथीपर्यंत शिकलो, गाव रत्नागिरीकडे. ठाण्यात आलो तेव्हा ज्याने पहिली हाक मारली त्याच्याकडे कामाला लागलो, तो कोपरीच्या बाजूचा बर्फाचा कारखाना निघाला. मोठी टाकी, तिच्यात खारं पाणी, त्या पाण्यात गोड्या पाण्याचे पत्र्याचे डबे बुडवून ठेवायचे. डब्यातलं पाणी गोठलं की डबा वर काढायचा, उलटा करायचा, लादी घसरत बाहेर येते. ती आकड्याने ओढायची, गोणपाटात गुंडाळायची, गाडीत टाकायची. परत पुढचा डबा. तिथे बसला तो गोठला, म्हणून कोणी बसायचंच नाही. मला बसायची सवय लागली नाही ती तेव्हापासून.

बाळकुमच्या खाडीवरचे मासळीवाले आमच्याकडून बर्फ न्यायचे. त्यातल्या एकाबरोबर त्याची मुलगी टोपली घेऊन यायची. लादी फोडली की बारीक चुरा पडतो. ती म्हणायची, "तो पडलेला द्या ना, त्याचं काय करताव?" मी द्यायचो. पडला नाही तर मुद्दाम पाडायचो. तिच्या बापाच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. तो म्हणाला, "बर्फवाल्या, तू पोरीला पन बर्फातच ठेवशील." मी म्हटलं, नाही, ठाकुर्लीला खोली आहे. असं लग्न ठरलं. दोन्हीकडची माणसं काही दिवस रुसली, मग जेवायला आली. नंतर इतकी वर्षं ठाकुर्लीत काढूनही तिचं 'मना' काही 'मला' झालं नाही. मला ते व्हायला नकोच होतं.

आपल्याकडे स्वेटर कोण घालतो? जानेवारीत थोडे दिवस पहाटे गार वाटतं, म्हातारे कानाला मफलर बांधतात, झाली थंडी. मला मात्र बारा महिने स्वेटर. मे महिन्यात लोक घामाने निथळत असायचे आणि मी काखेत स्वेटर मारून कामाला निघायचो. लोकांना वाटायचं डोक्यावर परिणाम झालाय. सुरुवातीला विकतचा घालायचो. खारं पाणी उडून उडून त्याची मनगटं कडक व्हायची आणि मग तुटायची.

समोरच्या खोलीत रेल्वेतल्या एका माणसाचं बिऱ्हाड होतं, उत्तरेकडचं. त्याच्या बायकोला सगळी चाळ भाभी म्हणायची. भाभींच्या हातात कायम सुया. माझ्या बायकोला विणायला त्यांनी शिकवलं, ऐंशीनंतर लगेचची गोष्ट. दुपारी दोघी गॅलरीत बसायच्या. एकीचं हिंदी, एकीची खाडीची बोली, मधूनमधून दोघी एकदम बोलायच्या आणि तरी एकमेकींना कळायचं. पण एका बाबतीत जमलं नाही. भाभी सगळं तुकड्यातुकड्यांत विणायच्या, पाठ वेगळी, पुढच्या बाजू वेगळ्या, बाह्या वेगळ्या, आणि शेवटी सुईदोऱ्याने जोडायच्या. हिला ते पटेना. हिचा बाप घरी जाळी विणायचा आणि जाळं म्हणजे सलग काम. एका टोकाला सुरू करायचं, घेर वाढवायचा, मग कमी करत न्यायचा. फक्त शेपटाकडचं टोक उघडं राहतं. त्याला ती खोला म्हणायची. जाळं पाण्यात सोडताना खोला दोरीने आवळून बांधतात आणि मासळी काढताना सोडतात.

"जाल्याला शिवन नसते," ती भाभींना सांगायची. "शिवन आली का ती रुतते, आनि फाटतं पन तिथूनच."

"तो जा, स्वेटर से मछली पकड़," भाभी म्हणायच्या.

पण गावाहून येताना भाभींनीच तिला गोल सुई आणून दिली. दोन सुया मध्ये तारेने जोडलेल्या, लांब. त्या सुईवर ती मानेपासून सुरू करायची आणि खाली खाली जायची. पाठ, पुढचं, सगळं एकत्र. बाह्यांचे टाके एका दोऱ्यात ओवून बाजूला ठेवायचे आणि अंग झालं की मग ते परत सुयांवर घेऊन बाह्या उतरवायच्या. कुठे जोड नाही.

कारखान्यात माझे स्वेटर झिजायचे. दर वर्षी ती ते उसवायची. धागा वेडावाकडा निघतो, शेवयांसारखा. त्याच्या लड्या करायच्या, रिठ्याच्या पाण्यात धुवायच्या आणि ओल्या असतानाच दोरीवर घालून खाली वरवंटा लटकवायचा, म्हणजे धागा सरळ होतो. मग तीच लोकर परत सुईवर. कुठे कमी पडली की डोंबिवलीच्या बाजारातून त्यातल्या त्यात जवळच्या रंगाची आणायची. त्यामुळे माझा स्वेटर दर वर्षी नवा आणि लोकर जुनीच. कारखान्यातली पोरं म्हणायची, काका, तुमच्या स्वेटरला पेन्शन द्या.

नव्वदनंतर कारखाना ढेपाळला आणि मग बंदच पडला. फाटकाला कुलूप लागलं तरी मी सकाळी स्टेशनवर जायचो. कधी ठाण्याला उतरून फाटकापर्यंत जाऊन यायचो, कधी नुसता पुलावर उभा राहून परत. तिला वाटायचं मी कुठे काम बघायला जातो. मी काही बघत नव्हतो. पाय जायचे.

त्याच सुमारास तिला दम लागायला लागला. आधी जिन्यात, मग पाणी भरताना, मग नुसतं बोलताना. डॉक्टर म्हणाला, हृदयाची झडप खराब आहे, मोठ्या दवाखान्यात तपासून घ्या, ऑपरेशन लागेल. मी तिला तपासणीला घेऊन गेलो. तिथे साडी सोडायला लावली आणि दवाखान्याचा तो झगा दिला, मागून उघडा, नाड्या तुटलेला. झग्यात तिला ढकलगाडीवर निजवली आणि बोळात भिंतीला लावून ठेवली, नंबर यायची वाट बघत. मी कागद घेऊन या खिडकीवरून त्या खिडकीवर. परत आलो तर तिच्या अंगावरची चादर खाली घसरलेली, आणि माणसं येत होती जात होती. कोणी वाईट बघत होतं असं नाही. कोणी बघतच नव्हतं. तिने डोळे मिटून घेतलेले. मी चादर वर केली. घरी येईपर्यंत तिने पदर दोन्ही हातांनी गच्च धरून ठेवलेला.

मला वाटलं ऑपरेशनला घाबरली. काही दिवस गेले, मी रोज विचारायचो, तारीख घेऊ का. एके दिवशी ती लादी पुसता पुसता थांबली आणि म्हणाली, "मी उघडी निजनार नाय तिथं."

"अगं, दवाखान्यात असंच असतं. सगळ्यांना तेच."

"असूं दे सगल्यांना. मी माझं विनीन. डॉक्टरला छाती बघाची तर पुढून उघडता येल. बाकी मी झाकलेली."

मग तिने कपाटातून माझे कारखान्याचे दोन स्वेटर काढले, एक राखाडी, एक जांभळट. "तुमाला आता कशाला लागतात," म्हणाली, आणि तिथेच बसून मनगटापासून उसवायला घेतले. मी बघत होतो. मला बरं वाटलं नाही.

तो स्वेटर आता नाही, म्हणून सांगून ठेवतो कसा होता. पुढून पूर्ण उघडा. बटण नाही, गुंडी नाही. दोन्ही पुढच्या बाजू रुंद, एकावर एक येणाऱ्या, लहान बाळाच्या झबल्यासारख्या, आणि बगलेखाली बांधायला नाडी. डोक्यातून काही घालायला लागू नये, कारण हात वर केले की तिला दम लागायचा. सगळीकडे ढगळ, म्हणजे छातीवर आवळायला नको. शिवण कुठेच नाही, म्हणजे उताणं निजवलं की पाठीला रुतायला नको. आणि वीण फुगीर.

ही फुगीर वीण भाभींची. त्यांनाही तिचं नाव माहीत नव्हतं, 'फूली-फूली बुनाई' म्हणायच्या. एक टाका साधा विणायचा. पुढचा विणायचाच नाही, नुसता या सुईवरून त्या सुईवर उचलायचा आणि त्याच्यावर धागा आडवा टाकायचा, आपण खांद्यावर टॉवेल टाकतो तसा. परतीच्या ओळीला तो टाका आणि त्याच्यावरचा धागा मिळून एक विणायचा आणि मघाशी विणलेला होता तो आता नुसता उचलायचा. म्हणजे प्रत्येक टाका दोनदा हाताखालून जातो. दोन ओळी विणा तेव्हा एक दिसते. कापड मात्र असं येतं की दाबलं तर परत फुगतं, ओढलं तर लांबतं, आणि हातात घेतलं तर वजन लागत नाही. उलटी बाजू सुलटी बाजू सारखीच.

मला कापडाशी घेणं नव्हतं. मला तो पुरा व्हायला हवा होता. सकाळी बाहेर जाऊन यायचो आणि आल्या आल्या सुईकडे बघायचो. वीतभर वाढला असेल म्हणून बघावं तर बोटभर.

"साधी वीण घे ना. निम्म्या वेळात होईल."

"साधी घट बसते. मना श्वास घेता येल असं पायजे."

आमची मुलगी कल्याणला दिलेली. रविवारी यायची. ती म्हणाली, "आई, मी छान शाल आणते विकतची. ती घे अंगावर."

"शाल सरकते," तिची आई म्हणाली.

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी तिला बोळातलं सांगितलं नव्हतं. कसं सांगायचं असतं ते मला कळलं नाही.

दिवाळी गेली आणि अंग निम्म्या पाठीपर्यंत आलं तेव्हाची गोष्ट. ती दुपारी झोपली होती. दोन उशा पाठीशी लावून बसल्यासारखीच झोपायची. विणकाम बाजूला पडलेलं. मी फेऱ्या मारून कंटाळलो. म्हटलं इतके महिने बघतोय, एक ओळ मी घातली तर तेवढीच पुढे. बर्फाच्या लाद्या ओढल्यात, हा धागा काय. बसलो. एक टाका विणला. पुढे टाका आणि त्याच्यावरचा धागा. मला वाटलं हे दोन टाके. दोन्ही वेगवेगळे विणले. अशी अख्खी ओळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. घाम आला. सुईवर टाक्यांची ही गर्दी झाली, विजार नाडीवर गोळा होते तशी. मला वाटलं भरपूर काम झालं. होतं तसं ठेवून दिलं.

ती उठली, विणकाम हातात घेतलं आणि थांबली.

"घरात उंदीर आलता काय?"

"का?"

"कोनतरी विनून गेलंय."

मी भिंतीकडे बघितलं. ती हसायला लागली आणि हसता हसता तिला दम लागला, मग मी पाणी दिलं, पाणी पिऊन परत हसली. मी म्हटलं, उसव आणि पुढे चल.

"असं पटकन उसवता येत नाय ही वीन. एकेक टाक्याला दोन दोन धागे, कनचा कनाचा ते शोधत बसाला लागंल. दोन दिस जातील. मंग दवाखाना पन दोन दिस लांब. चालंल?"

चालणार नव्हतं.

"मंग राहूं दे," ती म्हणाली. पुढच्या ओळीत तिने माझे जास्तीचे टाके दोन दोन करून एकत्र घेतले आणि वीण परत ताळ्यावर आणली. पण त्या जागी पाठीवर आडवी एक जाड दांडी राहिली, बोट फिरवलं की लागायची. जिच्यासाठी शिवण टाळली तिच्याच पाठीत. मी म्हटलं, रुतेल तुला. ती म्हणाली, "रुतूं दे. निजल्यावर कलंल तरी, घरचा उंदीर बरोबर हाय."

त्यानंतर तिने मला शिकवलं. माझं लक्ष एका जागी राहावं म्हणून असेल. माझ्या बोटांची टोकं बर्फाने मेलेली आहेत, अजूनही, चहाचा कप भाजतो का नाही ते कळत नाही. धागा बोटाला लागायचा नाही, मी डोळ्यांनी बघून विणायचो. ती म्हणायची, "बघत नका बसू, बोला. विन, उचल. विन, उचल." मी बोलायचो. भाभी गॅलरीतून जाताना डोकावायच्या.

"भाईसाब, कौन सा मंत्र चल रहा है?"

"शांत राहण्याचा," मी म्हणायचो.

"असर तो नहीं दिखता," भाभी म्हणायच्या, कारण पाय हलतच असायचा.

कमरेकडच्या काही ओळी माझ्या होत्या. नाडी पूर्ण माझी. दोरखंडाला पीळ द्यायची मला सवय, लोकरीचे पदर घेऊन खिळ्याला अडकवून मी अशी नाडी वळली की तिने दोनदा ओढून बघितली आणि म्हणाली, "होडी बांधाल हिला." बाह्या मात्र तिने माझ्या हाती दिल्या नाहीत. त्या चार आखूड सुयांवर गोल फिरवून विणायच्या असतात आणि मला तेवढा भरवसा नव्हता, म्हणजे तिला माझा नव्हता. काम संपल्यावर टाके बंद करतात तेही शिकवलं नाही. विचारलं तर म्हणाली, "ते माझं मी करीन. तुमी बंद करायची घाई नका करू."

उजवी बाही संक्रांतीआधी झाली. डावी सुरू केली आणि तिचा वेग कमी झाला. सुई दोन-चार टाके चालायची आणि हात मांडीवर पडायचा. मी म्हणायचो, असू दे, अर्ध्या बाहीचा घाल, चल. ती मान हलवायची. मी चिडून खाली जायचो, स्टेशनपर्यंत जाऊन परत यायचो, परत तेच म्हणायचो. शेवटी मुलीच्या नवऱ्याने पुढच्या आठवड्याची तारीख घेतलीच. तिला सांगितलं. ती म्हणाली, "तवर व्हईल."

लोक नंतर म्हणाले, उचलून न्यायचं होतं, स्वेटरसाठी कोणी थांबतं का. डॉक्टर म्हणाला, आधी आणलं असतं तरी सांगता आलं नसतं. मी दोघांचंही ऐकून घेतलं. जे म्हणतात त्यांनी ती चादर घसरलेली बघितली नव्हती.

तर त्या संध्याकाळी लडी संपली, गोळा झाला, जेवलो, झोपलो. ती खाटेवर उशांना टेकून, मी खाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी यायच्या वेळेला मी उठलो. पिंप भरलं, कळशी भरली. दिवा न लावताच भरतो मी, हाताला सवय आहे. मग चहा ठेवला आणि तिला हाक मारली. ती उठली नाही. परत मारली. मग दिवा लावला आणि तिच्या हाताला तळहात लावला.

थंड लागली. थंडीतलं मला कळतं. बर्फातून आलेल्या माणसाचा हातही थंड लागतो, पण तुम्ही धरून ठेवलात की थोड्या वेळाने आतून ऊब वर येते. मी तिचा हात धरून ठेवला. गॅसवरचं पाणी उकळायला लागलं. ऊब वर आली नाही.

श्वास मोकळा घेता यावा म्हणून ती झोपताना पोलक्याचे हूक काढायची. ते उघडे होते आणि पदर खाली गेला होता, साडी गुडघ्याच्या वर. मला एकदम कळलं की आता मी दार उघडणार आणि सगळे आत येणार. शेजारचे, वरचे, डॉक्टर, त्याच्याबरोबर कोण असेल तो. कोणी वाईट बघणार नाही. येतील जातील.

मी आतून कडी घातली.

आधी साडी खाली ओढली. हूक लावायला गेलो, पण माझ्या बोटांना हूक सापडत नाहीत, कधीच सापडले नाहीत. मग सतरंजीवरचा स्वेटर उचलला. तिची उजवी बाही आधी घातली, ती पुरी होती, सहज गेली. तिला जरा कडेवर करून स्वेटर पाठीखालून पलीकडे नेला. नेताना माझी दांडी हाताला लागली. मेलेल्या बोटांनाही लागली. ती पाठीच्या मधोमध येत होती, तिथून सरकवता आली नाही. राहू दे म्हटलं.

डाव्या बाहीत सुया होत्या. चारही सुयांवर टाके, आणि धागा खाली गोळ्याला, आम्ही आदल्या संध्याकाळी केलेल्या. बाही कोपराच्या जरा खाली थांबलेली. हात तिच्यातून हळू आत घातला, सुया टोचू नयेत म्हणून तळहाताने धरून. सुया तशाच ठेवून लोकांपुढे न्यायची नव्हती. आणि सुया नुसत्या ओढल्या तर टाके सुटणार, सगळं उसवत वर जाणार. बंद करायचं मला येत नव्हतं. भाभींना येत होतं, त्या चार पावलांवर होत्या. पण दार मला इतक्यात उघडायचं नव्हतं.

मग तिच्या बापाचं जाळं आठवलं. खोला कसा बांधतात ते. गोळ्यापासून हातभर धागा तोडला, तिच्या डब्यातल्या जाड सुईत ओवला. दिव्याखाली बसून ओवला, तरी वेळ लागला. एकेका टाक्यातून तो धागा घातला आणि जसजसे टाके धाग्यावर आले तसतशा सुया काढल्या, पहिली, मग दुसरी. तोंडात आपोआप ते चालू होतं, विण, उचल, जरी मी विणत नव्हतो. पाय हलत नव्हता. हे नंतर लक्षात आलं. चौथी सुई निघाली तेव्हा सगळे टाके धाग्यावर होते, एकही पडला नव्हता. धागा हळू आवळला, तिच्या हाताला बसेल इतकाच, आणि गाठ मारली. तिच्या बापाने मारली असती तशी नाही, माझी, गोणपाटाला मारतो ती.

स्वेटरची उजवी बाजू खाली, डावी वर. बगलेखाली नाडी बांधली. छातीपासून गुडघ्यापर्यंत ती आता नीट होती. डॉक्टरला बघायचं असेल तर पुढून उघडता आलं असतं.

गॅसवरचं पाणी आटून भांडं करपायला लागलं होतं. गॅस बंद केला. चारही सुया तिच्या डब्यात ठेवल्या. मग कडी काढली, दार उघडलं आणि समोर भाभींना हाक मारली.